नको म्हणायच्या चार तऱ्हा

अगं ठमे, काल फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. "ताई, गौरीजेवणाला मी येतेय, पण माझा डबा घेऊन येईन," असं तू म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. मग तू यादी वाचून दाखवलीस. गहू बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, वांगं-टोमॅटो बंद, हरभऱ्याची डाळ बंद, साखर तर बंदच. सगळे मिळून सत्तावीस पदार्थ. तू वाचत होतीस आणि मी मनातल्या मनात नैवेद्याचं पान वाढत होते. पुरणपोळी गेली, कटाची आमटी गेली, पंचामृत गेलं, भरली वांगी गेली, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट गेलं. शेवटी पानात डावीकडचं मीठ आणि लिंबाची फोड तेवढी उरली.

फोनवर मी काही बोलले नाही, कारण आई शेजारीच बसली होती आणि तिचे कान अजून आपल्या दोघींपेक्षा तिखट आहेत. म्हणून हे लिहून पाठवतेय. उपदेश म्हणून वाचू नकोस. तू ज्या खड्ड्यात पाय घातलायस, त्यात मी दहा वर्षांपूर्वी कमरेपर्यंत उतरले होते. ते तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटत होती.

चाळिशी लागली तेव्हा माझं पोट दुपारपर्यंत नगाऱ्यासारखं व्हायचं. सकाळी नीट बसलेली साडी संध्याकाळी कमरेला काचायची. जिममधली एक मैत्रीण म्हणाली, गहू सोड. सोडला. पंधरा दिवसांत पोट हलकं झालं आणि जीभ मात्र सैल सुटली. भेटेल त्याला मी गव्हाचे दुर्गुण सांगत सुटले. तुझे भाऊजी माझ्यासमोर पोळीचा डबा उघडायला बिचकायचे. असे आठ महिने गेले. मग दम लागायला लागला, रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९. डॉक्टरांना सिलिअ‍ॅकची शंका आली. त्यांनी विचारलं, "गहू शेवटचा कधी खाल्लात?" मी अगदी मान ताठ करून म्हटलं, "आठ महिने झाले." त्यांनी पेन खाली ठेवलं.

का ते ऐक, कारण हे तुझ्याही कामाचं आहे. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर चालून जाते तो आजार. रक्ततपासणीत त्या हल्ल्याच्या खुणा शोधतात. गहू पोटात जातच नसेल तर हल्ला थांबतो, खुणा पुसल्या जातात, आणि आजार असला तरी तपासणी "नाही" म्हणू शकते. म्हणजे मी स्वतःच पुरावा धुऊन टाकला होता. मग दीड महिना रोज दोन पोळ्या खायच्या, आणि त्यानंतर तपासणी. ज्या पोळीविरुद्ध मी आठ महिने कीर्तन केलं, तीच आता औषधासारखी मोजून खात होते. तुझ्या भाऊजींनी त्या दीड महिन्यात चेहरा कसा सरळ ठेवला, ते त्यांनाच माहीत.

तपासणीत काही निघालं नाही. हिमोग्लोबिन घसरायचं कारण वेगळंच होतं, पाळीत जाणाऱ्या रक्ताचं, आणि त्यावर पुढे उपचार झाले. पण गंमत अशी, की त्या पोळ्यांच्या दीड महिन्यात माझं पोट एकदाही फुगलं नाही.

मग नगारा वाजवत कोण होतं? चोर सापडला कोजागिरीला. सोसायटीच्या गच्चीवर केशर-वेलदोड्याचं आटीव दूध होतं, मी दोन पेले घेतले. चंद्र डोक्यावर आला तेव्हा सगळे गच्चीत गाणी म्हणत होते आणि मी खाली घरात पोट धरून बसले होते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गहू सोडायच्या आधी मी रोज सकाळी काय खात होते? वजन कमी करायला म्हणून सुरू केलेले गव्हाचे फ्लेक्स, वाडगाभर दुधात. गहू सोडला तेव्हा फ्लेक्स गेले आणि त्यांच्याबरोबर पाव लिटर दूधही गेलं. बरं वाटलं ते दूध गेल्यामुळे, आणि बदनाम झाला गहू.

असा गोंधळ करणारी मी पहिली नाही. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. मरणाच्या दारातली मुलं सुधारली आणि केळ्याला अमृताचा मान मिळाला. खरं म्हणजे केळी खाताना त्या मुलांचा पाव बंद झाला होता. खरा गुन्हेगार दाखवला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. आजूबाजूची माणसं खंगत असताना डिके यांची सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी हे प्रबंधातून मांडलं. केळ्याला जे श्रेय मिळालं, तसंच माझ्या घरात गहू सोडण्याला मिळालं होतं, एवढंच.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. कुणी पुढे केलेली बशी परत करताना आपण बायका चार वाक्यं बोलतो, बघ. "मला त्याचं वावडं आहे." "मला मानवत नाही." "मी बंद केलंय." आणि "मला आवडत नाही." चारही वाक्यांनी बशी परतच जाते, पण चारांची पोटातली कारणं वेगळी आहेत. आपलं वाक्य नेमकं कोणतं, ते आधी ओळखायचं. तुझ्या सत्तावीस पदार्थांत चारही जातीचे पदार्थ एकाच पिशवीत कोंबलेत, अशी मला शंका आहे.

आधी वावडं. हा शब्द आपण फार सैल वापरतो. अमक्याचं आणि तमक्याचं वावडं, असं भांडकुदळ जावांबद्दलही म्हणतो. पण खाण्याचं खरं वावडं, म्हणजे अ‍ॅलर्जी, ही चेष्टेची गोष्ट नाही. आपल्या मोठ्या आत्याला कोळंबीचं होतं, आठवतं? खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली. शरीराचा पहारेकरी साध्या पाहुण्याला दरोडेखोर समजतो, तसा हा प्रकार. इथे "थोडंसं खाऊन बघ, काही होत नाही" असं म्हणणाऱ्या काकूंचं ऐकायचं नाही. ज्या कढईत कोळंबी तळली तिच्यातलं तेलसुद्धा चालत नाही. श्वास अडकला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठायचं. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं आणि त्याला उशीर परवडत नाही. दुधाचं खरं वावडं असलेल्या लेकराला दही, पनीर, खवा सगळं वर्ज्य. ते पुढे मी सांगणार आहे त्या दुधाच्या त्रासापेक्षा निराळं, हे लक्षात ठेव.

सिलिअ‍ॅक म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, पण "नाही म्हणजे नाही" याच ओळीत त्यालाही बसवते. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला तो आहे, आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. ज्याला आहे त्यानं जन्मभर गहू, जव, राय यांचा कणही खायचा नाही. आणि आपल्या स्वयंपाकघरात हा कण कुठे कुठे दडलेला असतो! रवा, शेवया, दलिया, सातूचं पीठ हे तर सरळच झालं. पण डबीतला खडा नसलेला, मिसळलेला हिंग घे. त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे रोजच्या फोडणीतच गहू. आपलं मेतकूट भाजतानाही मूठभर गहू पडतो. आणि हल्ली खपली गव्हाला "ग्लूटेन नाही" म्हणून विकतात ना, ते साफ खोटं. खपलीची खीर कितीही छान होवो, ती गव्हाचीच. डब्यावर ग्लूटेनमुक्त असं छापायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी तो छाप जीवनमरणाचा. हौशी मंडळींसाठी तो फक्त दुप्पट किमतीचा.

आता दुसरं वाक्य, माझं स्वतःचं. "मला मानवत नाही." आपल्या भाषेनं हा शब्द किती नेमका करून ठेवलाय. यात जिवाची भीती नाही, मात्रेचा हिशेब आहे.

दुधातली साखर पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. तान्हेपणी ते भरपूर असतं. पुढे जगातल्या सुमारे दोनतृतीयांश माणसांत ते कमी होत जातं. म्हणजे मोठेपणी दूध न पचणं ही खरं तर बहुसंख्यांची रीत, आणि घटाघटा दूध पिऊन वर ढेकर देणारे तुझे भाऊजी अल्पसंख्य! न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू होतो, पाणी सुटतं आणि आपली कोजागिरी साजरी होते. जुलाब-उलट्यांचा आजार होऊन गेल्यावरही काही आठवडे असं होऊ शकतं. मग पुन्हा ठीक होतं. तेवढ्यावरून जन्माचं दूध सोडायचं नाही.

आणि मात्रेचा हिशेब कसा, ते बघ. पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम ही साखर असते. एवढीदेखील पुष्कळांना जेवणाबरोबर घेतली तर सोसते. रिकाम्या पोटी दोन पेले आटीव दूध ढोसलं तर नाही सोसत. दही लावलं की विरजणातले जिवाणू त्यातली काही साखर आंबवून टाकतात. दही टांगून चक्का केला की पाण्याबरोबर आणखी जाते. तुपात तर ती जवळजवळ उरतच नाही. म्हणजे ताक, श्रीखंड, वरणावरची तुपाची धार, चहातलं चमचाभर दूध, यातलं काहीही मी सोडलं नाही. सोडलं फक्त वाडगाभर दूध. आणि हे शोधायला मला आठ महिने गहू उपाशी ठेवावा लागला!

कांद्या-लसणाचं आणि कडधान्यांचंही असंच. गव्हात, कांद्यात, लसणात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. ती कुणालाच पूर्ण पचत नाही, काहींना तिचा त्रास जास्त होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी "आम्हाला ग्लूटेन चालत नाही" म्हणणारी सदतीस माणसं घेतली. त्यांना सिलिअ‍ॅक नव्हता. आधी सगळ्यांच्या आहारातून अशा आंबणाऱ्या साखरा कमी केल्या, त्यानं सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांना न सांगता कधी ग्लूटेन दिलं, कधी दिलं नाही. ग्लूटेनमुळे म्हणून वेगळा असा त्रास दिसला नाही. २०१३ सालचा हा अभ्यास. म्हणजे त्यांचा त्रास खरा होता, फक्त आरोपी चुकीचा पकडला होता. त्रास खोटा असं मी तुलाही म्हणत नाहीये, ठमे. आरोपी कोण, एवढंच विचारतेय.

आजीकडे हे शब्द नव्हते, पण हिशेब होता. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी फेकायचं, मोड आणायचे, सोलायचे आणि फोडणीला हिंग-ओवा घालायचा. सुरणाला चिंच किंवा आमसूल लावल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही, कारण त्यातले टोकदार स्फटिक घशाला खवखव आणतात. ती खवखव अ‍ॅलर्जी नव्हे, स्वयंपाकिणीची घाई.

तिसरं वाक्य, "मी बंद केलंय." हे म्हणताना मान जरा वर होते, पाहिलंस? मला माहीत आहे, कारण माझीही व्हायची. हे वाक्य फार जुनं आहे. १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगनं पाव, साखर, बटाटे सोडून वजन कसं उतरवलं याची पुस्तिका काढली. हा गृहस्थ धंद्यानं अंत्यविधीची व्यवस्था करणारा. पुस्तिका इतकी गाजली, की इंग्रजीत आहार नियंत्रणालाच लोक "बँटिंग" म्हणू लागले. कीटो म्हणून आज जे मिरवतं, ते १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवलेलं पथ्य. औषधाच्या कपाटातलं पथ्य लग्नाच्या साड्यांत मावण्यासाठी बाहेर आलं. आणि आपल्याकडचं काय सांगू? दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा, असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आपल्या मातीतलं खा, असं ऋजुता दिवेकर सांगतात. आपल्या घरात नणंद दीक्षितवाली, जाऊ दिवेकरवाली. मंगळागौरीला एकीचं जेवणाचं घड्याळ संपायचं तेव्हा दुसरीची खायची वेळ व्हायची. दोघींनाही आपापल्या परीनं फायदा झाला, मी पाहिलंय. पण दोघींनी आधी डॉक्टरांना विचारलं होतं, आणि दोघींच्या ताटातून अन्न हद्दपार झालं नव्हतं.

तुझं "बंद" मात्र तू करून घेतलेल्या त्या रक्ताच्या तपासणीतून आलंय. लाल, पिवळे, हिरवे ठिपके, पानभर. त्यात मोजतात ते आयजीजी नावाचे घटक. आपण जे नेहमी खातो त्याची ओळख शरीर त्यांच्या रूपात ठेवतं. मराठी घरातल्या मुलीच्या रक्तात गहू, दूध, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ लाल आली, तर ती तुझ्या आजाराची यादी नाही, आईच्या किराण्याची यादी आहे! युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलं, की अन्नाचा त्रास ठरवायला ही तपासणी वापरू नये. खऱ्या अ‍ॅलर्जीसाठी आयजीई नावाची वेगळी तपासणी असते, आणि तीही तुझी हकिकत ऐकल्यावरच अर्थ देते. तू जन्मभर शेंगदाण्याची चटणी चाटत आलीस. वावडं असतं तर आईला इतकी वर्षं वाट बघावी लागली नसती.

आणि तो तू सकाळी प्यायला लागलीस तो दुधीचा रस. पी हवा तर, पण आधी दुधीचा तुकडा जिभेवर ठेव. कडू लागला तर अख्खा फेक. कडू दुधीतलं विष साधंसुधं नाही. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन दगावले होते. काकडी चिरायच्या आधी टोक कापून चाखायची आजीची सवय आपल्याला खुळी वाटायची. ती खुळी नव्हती.

या "बंद"ची किंमत दिसत नाही, म्हणून सांगते. तू शाकाहारी. दूध-दही काढलंस, की बी-१२ मिळायचा तुझा उरलासुरला रस्ता बंद. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या, तर निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी निघालं. दूध वर्ज्य नसलेल्या घरांत ही अवस्था. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. दूध काढलंस तर त्या जागी नाचणी ठेव, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल. तीळ ठेव. बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून ठेव. पानातली एखादी वाटी उचलली, तर तिच्या जागी दुसरी मांडायची, पान रिकामं ठेवायचं नाही.

आणखी एक किंमत आहे. १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी शुद्ध खाण्याच्या ध्यासालाच एक नाव दिलं, ऑर्थोरेक्सिया. खाणं इतकं सोवळं होतं, की माणूस माणसांत जेवायचं सोडतो. तू मागच्या महिन्यात मावशीच्या साठीला आली नाहीस. "काम होतं" म्हणालीस. काम होतं, की ताट होतं?

चिडू नकोस. आता काय करायचं ते सांगते, मग झोपते.

उद्याच एका चांगल्या पोटाच्या डॉक्टरांची वेळ घे. वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ येत असेल, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर अजिबात चालढकल करू नकोस. सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का, ते त्यांना विचार. गहू सोडून तुला तीनच आठवडे झालेत, हेही सांग. आणि तपासणी होईपर्यंत गहू सुरू ठेवायचा का, तेही त्यांनाच ठरवू दे. तोवर एक साधी वही कर. काय खाल्लं, किती, कधी, पोटानं काय म्हटलं. झोप किती झाली आणि साहेब किती ओरडला, तेही लिही, पोटाला तेही कळतं. मग डॉक्टरांच्या संमतीनं एक पदार्थ, फक्त एकच, दोन-चार आठवडे बाजूला ठेव. बरं वाटलं, तर तो परत खाऊन बघ. परत त्रास झाला, तरच तो आरोपी. सत्तावीस जणांना एकदम कोठडीत टाकलंस, तर खरा कोण ते कधीच कळणार नाही.

आता राहिलं मनाचं खाणं. तुझ्या बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री आईनं मऊभात केला होता. वर मेतकूट, तूप, कडेला लिंबाचं जुनं लोणचं. तू दोन घास खाल्लेस आणि रडायची थांबलीस. त्या भाताचं पोषणमूल्य काढायच्या फंदात मी पडणार नाही. पण तुझ्या यादीत त्या ताटाला कुठेच जागा नाही, याचं मला वाईट वाटलं. जगात काही खाणं पोटासाठी असतं आणि काही पाठीवरून हात फिरवण्यासाठी. दुसऱ्या जातीचं खाणं रोज लागत नाही, पण लागतं तेव्हा तेच लागतं.

एक विनंती. त्या वेळी नकली खाऊ नकोस. बदामाच्या पिठाची, खजूर घातलेली, तुपाशिवायची ती गोल वस्तू मजेत खा, पण तिला पुरणपोळी म्हणू नकोस, आजी वर बसून ऐकते आहे. खरी पुरणपोळी दीड खा, तूप घालून, आणि दुपारी झोप. गहू खरोखरच वर्ज्य निघाला, तरी आपल्या घरात उपासमार होत नाही. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, घावन आणि नारळाचा रस, सांदणं, ज्वारीची भाकरी आणि पिठलं. दूध वर्ज्य निघालं, तर सोलकढी आहे. एकेका ताटाला दुसरं ताट आपल्याच रांजणात आहे. महागड्या दुकानात जावं लागत नाही.

चौथं वाक्य राहिलं. "मला आवडत नाही." मला वाटायचं, चारांत हेच सगळ्यात सोपं आणि सगळ्यात प्रामाणिक. काल रात्रीपर्यंत वाटायचं.

तुझा फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तिला म्हणावं डबा नको आणूस. काय चालत नाही तेवढं सांग, मी करते." आणि मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "मला तरी कुठे दूध मानवायचं?"

मी बघतच राहिले. आईला दूध आवडत नाही, हे आपण दोघी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधीपासून ऐकत आलोय. तिच्या वाट्याचं दूध आपल्या पेल्यात यायचं. चहा ती जवळजवळ काळाच घ्यायची. सणाला बासुंदी झाली, की सगळ्यांना वाढून ही पळी धुवायला घ्यायची. मी म्हटलं, "मग मानवत नाही असं सांगायचं की. आवडत नाही का म्हणायचीस?" तर म्हणाली, "मानवत नाही म्हटलं असतं, तर तुझी आजी म्हणाली असती, चार दिवस पिऊन बघ, होईल सवय. आवडत नाही म्हटलं, की हट्टी आहे म्हणून सोडून देतात." थोडा वेळ शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "बासुंदी मला फार आवडायची गं."

चाळीस वर्षं, ठमे. आपण दोघी किती शिकलेल्या, किती तपासण्या केलेल्या, आणि आई बासुंदी का खात नाही हे एकदाही विचारलं नाही.

म्हणून मी ठरवलंय. दुकानात आता आतली साखर, म्हणजे लॅक्टोज, आधीच फोडलेलं दूध मिळतं. या गौरीला त्याची बासुंदी करणार आहे. फोडलेल्या साखरेमुळे ते दूध मुळातच जास्त गोड लागतं, म्हणून वरून साखर कमी घालायची, आणि लवकर लाल होतं म्हणून सारखं ढवळत राहावं लागतं. तुझ्या त्रासाचं नाव काय, ते डॉक्टर ठरवतील. आणि ते काहीही निघालं, तरी मला खरं वाक्य सांग, मी त्याप्रमाणे पान वाढीन. पण तू आदल्या संध्याकाळीच ये. डबा आणू नकोस. दोन लिटर दूध आटवायचंय, माझा एक हात पुरणार नाही.